ओसाड गावचा वाटाड्या

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, उतारे, देवरुषी, अंगात येणं असल्या गोष्टी कुणी माझ्यासमोर काढल्या की माझं डोकं फिरतं. जन्मभर मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवलं. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा निम्म्या वेळा मी "काहीतरीच!" म्हणून पान उलटते. आणि आता मीच लिहायला बसलेय... तुम्ही पान उलटलंत तरी माझा राग नाही. पण जे झालं ते धडधडीत दिवसाउजेडी झालं, आणि ज्यांच्या बाबतीत झालं ती माझी माणसं होती.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढचा हिवाळा. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या. आमच्या ह्यांचं पुण्यात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. हे लिलावातून एक खटारा लॉरी घेऊन आले आणि सुताराला हाताशी धरून तिच्या पाठीवर चक्क घर केलं — दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, स्टोव्हला कप्पा, पाण्याचं पिंप, खिडक्यांना माझ्या जुन्या पातळाचे पडदे. "फिरतं घर!" म्हणून गल्लीभर मिरवले. बेत असा, की आधी मावळ हिंडायचं, मग खंडाळ्याचा घाट उतरून थेट समुद्र गाठायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं जमेल तितकं फिरायचं. पेट्रोल तेव्हा रेशनवर. कुपनं कुठून पैदा केली ते मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

वाट दाखवायला शंकरभाऊ आणि त्यांची बायको हौसा. ह्यांचं आजोळ कामशेतचं, त्यामुळे शंकरभाऊंशी दोस्ती अगदी चड्डीतली. पवनेकाठी त्यांची भाताची खाचरं. भात झोडून झालं होतं म्हणून दोघं मोकळी होती. ते ह्यांना 'बापू' म्हणायचे आणि माझ्यादेखत शिव्याही घालायचे! गाडी चालवायला हौसाचा धाकटा भाऊ नामदेव. तो लढाईत लष्कराची लॉरी चालवून नुकताच घरी आलेला.

शंकरभाऊंची एक रीत होती. प्रत्येक गावाच्या शिवेवर ते गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरून तोंडाशी हात धरून हाक घालायचे, "ओ वाटाडेऽऽ!" मग त्या गावचा कुणीतरी यायचा, आपल्या हद्दीतून आम्हाला पलीकडच्या शिवेपर्यंत पोचवायचा, विडी ओढून परत जायचा. तिथे पुन्हा हाक, पुन्हा नवा माणूस. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला.

"अहो शंकरभाऊ, तुम्हाला सगळ्या वाटा पाठ आहेत ना? मग हे काय नाटक?"

"पाट हायेत वैनी. पन दुसऱ्याच्या शिवेत आपुन वाट दावायची न्हाई. त्येचा मान हाय त्यो."

"पटलं का मास्तरीणबाई?" हे हसले. "आता गप चहा टाका."

असे मजेत दिवस गेले. मग एका सकाळी, लोहगडाच्या मागच्या अंगाला मुक्काम असताना, ह्यांच्या छातीत कळ आली.

चाक दगडात अडकलं होतं, ते ढकलत होते. मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम, डावा हात धरून नुसते बघत राहिले माझ्याकडे. आम्ही चौघांनी उचलून आत फळीवर घातलं. बाहेर धुकं इतकं, की गाडीतून गाडीचं नाक दिसेना. कामशेतवरून फिरून जायचं तर दुपार झाली असती. खिंडीतून लोणावळ्याला उतरणारी एक बैलगाडीची वाट होती — जवळची. शंकरभाऊ म्हणाले, "हिकडनंच. चल नामा, मी चालतो म्होरं."

थोडं गेल्यावर शेंदूर फासलेला एक दगड लागला. शंकरभाऊ थांबले आणि सवयीनं त्यांनी हाक घातली.

हौसा माझ्या शेजारी ह्यांचे पाय चोळत बसली होती. हाक ऐकली मात्र, तिचा हात थांबला. "आवं, हितं कुटं हाक घालताय..." ती पुटपुटली. तेवढ्यात धुक्यातून उत्तर आलं, "आलोऽ."

एक माणूस आला. डोक्यावरून घोंगडी, हातात काठी, मावळात कुठेही दिसेल असा. शंकरभाऊ आणि तो दगडापाशी थोडा वेळ हळू आवाजात बोलले. मी आतून ओरडले, "अहो, गप्पा कसल्या मारताय? इथे जीव चाललाय माणसाचा!" तेव्हा शंकरभाऊ गाडीच्या मागे आले. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"नामा, त्येच्या पाठीवर नजर ठिव नि चल. तुमी व्हा म्होरं, मी हाय हितं."

"तुम्ही नाही येत?"

"मी हाय हितं," इतकंच पुन्हा म्हणाले.

गाडी निघाली. तो माणूस पुढे चालत होता. नामदेवनं नंतर सांगितलं, की त्यानं गाडी जोरात घेतली तरी तो तेवढाच पुढे, हळू केली तरी तेवढाच. मला ते कुठलं दिसायला? मी आत, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन. आमच्या त्या घराला पुढच्या बाजूला खिडकी नव्हती, पक्की फळी होती. आणि ह्यांचे डोळे मिटलेले. पण वाटेत हे एकदम म्हणाले, "बरा चालतो गं गडी... घाई करत नाही." मला वाटलं, भ्रम झालाय. मी रडायला लागले.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी नाडी धरली, पुन्हा धरली, नळी लावली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, खरं सांगू? ही नाडी अशी लागतेय, की हे बोलतायत कसे हेच मला समजत नाही." पण हे बोलत होते. संध्याकाळी तर पेज प्यायले. मी त्या वाटाड्याला बक्षिशी द्यायला बाहेर आले तर तो नव्हता. कुठे उतरला, कुठे वळला — नामदेवनं पाहिलं नाही, कुणीच नाही.

"वैनी," नामदेव खाली मान घालून म्हणाला, "त्या गावात मानूस न्हाई. मानमोडीचा ताप आलता तवा निम्मं मेलं, ऱ्हायलेलं उटून गेलं. माझ्या जल्माच्या आदीपास्नं ओस पडलंय."

मी म्हटलं, गुराखी असेल कुणी. अजूनही तसंच म्हणते. पण पुढचं ऐका.

शंकरभाऊ परत आले नाहीत. नामदेव गाडी घेऊन गेला, तर ते त्या दगडापाशी बसलेले. म्हणाले, "त्यो माघारी येईस्तवर मला उटता यायचं न्हाई. बोललोय मी." दोन दिवसांनी तेच. महिन्यानं तेच! चार काटक्या आणि पेंढा घालून आडोसा केला होता, हौसा भाकरी नेऊन द्यायची ती खायचे, ओढ्याचं पाणी प्यायचे. वेड म्हणावं तर बोलणं शुद्ध. म्हैस किती दूध देते विचारायचे. देवरुषी झाला, भाऊबंदांनी ओढून नेऊन झालं. मध्यरात्री उठून ते पुन्हा शिवेवर हजर.

इकडे हे चांगले हिंडू-फिरू लागले. दुकानातही जाऊन बसायचे. एक नवीनच खोड मात्र लागली होती — रस्त्यानं चालताना एका अंगाला इतकी जागा सोडायचे, की मी जवळजवळ गटारात. "अहो, हत्ती चाललाय का शेजारून?" म्हणून मी करवादायची. हे नुसते हसायचे.

ह्यांना शंकरभाऊंचं कळलं तेव्हा फार लागलं. तसेच उठून गेले; मी बरोबर होते, पण गाडीपाशीच थांबले. दोघं दगडापाशी दिवसभर बसले. काय बोलले कोण जाणे. परत येताना गाडीत ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणाले, "मला हाकलून दिलं गं त्यानं. म्हणतो, तू तुझ्या घरी जा, नीट जग."

होळी झाली, उन्हं तापली. हौसानं एकटीनं भाताच्या रोपांसाठी राब भाजला, एकटीनं बांध घातले. वैशाखात ती पुण्याला माझ्या दारात येऊन बसली. वाळून काडी झाली होती.

"वैनी, पाऊस तोंडावर आला. मावळातला पाऊस, त्या पेंढ्याखाली मानूस जगंल व्हय? मला माजा दादला घरी पायजे. काय बी करा... कसं बी करा."

युक्तीही तिचीच. नामदेवनं घोंगडी पांघरून, काठी घेऊन यायचं आणि म्हणायचं, मी आलो, जा आता तू. माझ्या शास्त्रालाही ते पटलं. वेडाला वेडाचंच औषध! हे मात्र सगळं नीट ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मीही येतो."

आम्ही लोणावळ्याकडून, त्याच वाटेनं गेलो. ओसाड गावातल्या पडक्या भिंतींपाशी, एका जांभळीच्या सावलीत नामदेवनं गाडी उभी केली. शीव तिथून हाकेवर. टळटळीत ऊन. डॉक्टरांनी उन्हातान्हात चालायला मनाई केली होती म्हणून हे पुढच्या सीटवरच बसून राहिले. नामदेवची थट्टाही केली, "लेका, मिशा झाक आधी! तसल्या मिशा अख्ख्या मावळात तुझ्या एकट्याच्याच आहेत." मला म्हणाले, "तुम्ही बायका व्हा पुढे. हौसाला आधी दिसू दे तो उठलेला."

हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी आणि हौसा पुढे जाऊन बांधाआड उभ्या राहिलो. शंकरभाऊ दगडाला टेकून बसले होते. दाढी छातीपर्यंत, बरगड्या दिसत होत्या. एकाएकी त्यांनी मान वर केली. आमच्या बाजूनं येणाऱ्या वाटेकडे पाहिलं, आणि उठले. हात जोडले. समोर कुणी बोलत असावं तसे ऐकत राहिले, मान हलवली.

"उटलं! वैनी, उटलं बगा!" हौसानं माझा दंड घट्ट धरला. "नामा गेला वाटतं म्होरनं."

मी वाटेवर पाहिलं. वाट रिकामी होती.

शंकरभाऊ आमच्याकडे धावत सुटले. हौसा हसत-रडत सामोरी गेली, "आवं धनी..." पण ते तिला ओलांडून, मला ओलांडून पळाले. थेट गाडीकडे. आम्ही पोचलो तेव्हा नामदेव गाडीच्या मागेच होता, घोंगडीची खोळ नीट बसेना म्हणून झटापट करत. तो जागचा हललाच नव्हता. आणि शंकरभाऊ पुढचं दार उघडून ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडत होते.

हे गेले होते. झोप लागावी तसे, मान जरा कलती.

हौसा माझ्याकडे बघत उभी राहिली. हातानं तोंड गच्च दाबून. तिचं माणूस तिला मिळालं त्याच क्षणी माझं... मी तिचा राग करावा असं तिला वाटत होतं की काय कोण जाणे. मीच तिला जवळ घेतलं. दुसरं करणार काय?

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच निकामी झालेलं होतं, इतके महिने निघाले हेच नवल. ते मला मान्य आहे. शंकरभाऊंनी उपासानं भ्रमात काहीतरी पाहिलं, तेही मान्य. पण बांधापलीकडून, झाडाआडच्या गाडीत काय झालं ते त्यांना कसं कळलं, याचा उलगडा मी आजवर करू शकलेली नाही.

त्या वर्षी भात चांगलं झालं. दिवाळीनंतर शंकरभाऊ स्वतः तांदूळ घेऊन पुण्याला आले. ओट्यावर बसले. मी विचारलं, "शंकरभाऊ, मला आता खरं सांगा. त्या दिवशी धुक्यात तो काय म्हणाला होता?"

शंकरभाऊंनी तांदळाचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं.

"म्हनला, तुजा गडी शिवेवर आलाय, म्होरं त्याला एकट्यालाच जायाचंय. तू म्हनशील तर मी सोबतीला ऱ्हातो. मी हाय तवर तो वाटंला लागायचा न्हाई. पन माज्या जागी हितं कोन बसंल? ...मी म्हनलं, मी हाय."

मग मी रागानंच म्हटलं, "आणि हे आम्हाला सांगता आलं नाही? मला नाही, हौसाला नाही. निदान ह्यांना तरी?"

"बापूला सांगितलं आस्तं, तर बसू दिलं आस्तं व्हय त्यानं मला?"

"मग तो परत का आला?"

शंकरभाऊंनी उपरणं तोंडावर धरलं.

"मी बी त्येच इचारलं त्याला. म्हनला, तुज्या दोस्तानंच धाडलं मला माघारी. म्हनला, पाऊस पडंल, त्याला घरी जाऊ दे... मी तर कदी बोललो न्हाई वैनी. बापूला कुनी सांगितलं?"

मी सांगितलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. मला आठवली ती फक्त ह्यांनी रस्त्यानं चालताना शेजारी सोडलेली जागा.