बसायला आलेय

आमच्या चाळीच्या डोक्यावर पत्रे होते आणि सोलापूरचा वैशाख त्या पत्र्यांवरच मुक्कामाला असायचा. धाकटा भाऊ तेव्हा तान्हा होता. अंगभर घामोळ्या आणि रात्रभर रडणं. त्याचा डोळा लागत नाही म्हणून आईचाही लागायचा नाही, आणि सकाळी भोंगा झाला की तिला गिरणीत सूत गुंडाळायच्या यंत्रापुढे दिवसभर उभं राहावं लागे.

चाळीमागे मोकळा माळ होता. आम्ही तिथे वारा खायला बसायचो. शहरातल्या काही बड्या मंडळींनी कमिटी करून तिथे बाग केली. भोवती तारेचं कुंपण, बाकांवर वकील-डॉक्टर, आणि मधोमध हिरवळ, जिच्यावर कुणी बसायचं नाही. फाटकावर मात्र ‘सर्वांसाठी खुली’ असं रंगवलं होतं. मला ते वाचता यायचं, म्हणून रागही जास्त यायचा.

एका संध्याकाळी गिरणी सुटल्यावर आईने भावाला माझ्या कडेवरून घेतलं, सरळ हिरवळीवर वाकळ अंथरली आणि बसली. रखवालदार धावत आला.

“बाई, हितं फिरायचं असतंय, बसायचं न्हाय.”

“दिसभर हुबीच असते की मी. फिरायला न्हाय, बसायला आलेय.”

बाकावरचे एक गृहस्थ उठून आले आणि नियम सांगू लागले. तोवर भाऊ झोपला होता, कितीतरी दिवसांनी, मुठी सैल सोडून. आईने त्याच्याकडे बोट केलं.

“मला उठवायचं तर आदी ह्याला उठवा.”

गृहस्थ परत बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या झाडून साऱ्या बाया आल्या. मग कमिटीने डोकं चालवलं. संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आधी नळीने पाणी सोडून हिरवळीचा चिखल करायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात, सोलापुरात, जिथे आम्ही घागरभर पाण्यासाठी नळावर भांडायचो! बायांनी हसत हसत त्या गारव्यात पाय पसरले. आईची पावलं सुजलेली असायची, तिने ती घोट्यापर्यंत ओल्या गवतात रुतवली. त्या दिवशी भाऊ नेहमीपेक्षा लवकर झोपला.

तेव्हा त्यांनी पाणीच बंद केलं. बघता बघता हिरवळ वाळून खरखरीत झाली. त्यांना ती मेलेली चालली, आई तिच्यावर बसलेली चालली नाही. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. धूळ उडते म्हणून बाकांवरची मंडळी यायची बंद झाली. आई रोज त्या वाळल्या गवतावर वाकळ टाकायची आणि भाऊ त्या वाकळेवर गाढ झोपायचा.