दोन्ही वायरींत करंट

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या पहिल्या घरात प्रत्येक खिडकीखाली पत्र्याचा एक लांबट, बुटका हीटर होता आणि भिंतीवर त्याची गोल डायल. डायलवर कधीकाळी आकडे असतीलही. आमच्या वाट्याला आली ती पुसट तबकडी. केसभर पुढे फिरवली की खोलीची भट्टी व्हायची, केसभर मागे घेतली की वाटीतलं तेल थिजायचं. मी आणि नवरा दिवसभर ऑफिसात, त्यामुळे आमचं निभत होतं. त्या हिवाळ्यात नागपूरहून माझे बाबा आले आणि निभेनासं झालं.

बाबा विजेच्या खात्यात पस्तीस वर्षं वायरमन होते. आई गेल्यापासून एकटेच राहत, म्हणून मी हट्टानं त्यांना मार्चपर्यंत आणलं होतं. डिसेंबरातच कानटोपी, दोन स्वेटर आणि वर माझी शाल अशा अवतारात सोफ्यावर बसून ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून टाक न वं. मी तं इथं काहीच कामाचा नाही. दिवसभर डायल फिरवत बसतो नुसता."

मला रडू आलं. आणि रडू आलं की मी चिडते. तिकीट बदलणार नाही, त्या डायली काढून नवे थर्मोस्टॅट लावीन, असं मी तिथल्या तिथं जाहीर केलं. शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून चार डिजिटल थर्मोस्टॅट आणले आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तीन आठवडे वेळ नाही म्हणाला.

"तीन आठवडे?" बाबा उठून उभे राहिले. "घरात वायरमन असताना?"

कानटोपी सोफ्यावर पडली. लोकांचे आईवडील येताना पापड-लोणची आणतात. माझ्या बाबांनी बॅगेच्या तळातून टेस्टर काढला. पोटात इवलासा दिवा असलेला तो स्क्रूड्रायव्हर. "खिशात नसला की मले उघडं वाटते," म्हणाले. माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, बल्बसुद्धा मॅन्युअल वाचून बदलणारा. त्याला टॉर्च धरायचं काम मिळालं.

बाबांचा नियम पक्का होता. आधी चालू लाइनवर टेस्टर पेटतो का ते पाहायचं, मग लाइन बंद करून पुन्हा पाहायचं. नाहीतर टेस्टरच खराब निघतो आणि माणूस फसतो. त्यांनी डायल बंदवर नेली, कव्हर उघडलं आणि एका वायरीला टेस्टर टेकवला. पेटला. दुसरीला टेकवला. तीवरही पेटला.

"बाप्पा!" बाबा दोन पावलं मागे सरले. "डायल बंद, अन् दोन्हीत करंट? न्यूट्रल कुठं हाये?"

"बाबा, मॅन्युअलमध्ये न्यूट्रल मेन्शनच केलेला नाहीये," नवरा पानं उलटत म्हणाला.

आपल्याकडे करंट एकाच वायरीत. दुसरी न्यूट्रल, तिच्यावर टेस्टर पेटत नाही. पस्तीस वर्षं बाबांचं जग या एका गोष्टीवर उभं होतं. त्यांनी कव्हर पुन्हा बसवलं आणि टेस्टर खिशात टाकला. "इथली वीजही मले ओळखत नाही," एवढंच बोलले. "तिकिटाचं पाह्य."

जेवायला पिठलं-भात होता. बाबा मान खाली घालून जेवत होते. मग ते एकदम थांबले. उजवा हात पिठल्यानं भरलेला तसाच ठेवून डाव्या हातानं त्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि ओट्यावरच्या प्लगमध्ये घातला.

"हा इतका मिणमिण काहून करते?"

"इथे एकशे वीस व्होल्टच असतात, बाबा," मी म्हणाले.

"अन् हीटरवर किती लिहिलं हाये?"

नवरा टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा पडला. हीटरच्या कडेची पट्टी वाचून ओरडला, "टू फॉर्टी!"

बाबांनी पिठल्याच्या बोटानं ताटात दोन रेघा ओढल्या. "एकशे वीस इकडून, एकशे वीस तिकडून! दोन्ही जित्त्या! न्यूट्रलचं कामच नाही! काय डोकं लावलं लेकाच्यांनी!" आणि हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. जमिनीवर पालथा पडलेला नवरा का हसत होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग दुपारभर धिंगाणा. नागपुरात बाबा कामाच्या वेळी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे मागून कोणी लाइन चालू करायला नको. इथला ब्रेकर म्हणजे पॅनेलात पक्का बसवलेला खटका, तो काही खिशात येईना. म्हणून त्यांनी तळघरातल्या पॅनेलसमोर जावईच उभा केला. "जावईबापू, हलायचं नाही. कोणीही आलं तरी."

नवरा हाताची घडी घालून दोन तास उभा. मी जिन्यावरून वरखाली. "बंद?" "बंद!" बाबा टेस्टर लावणार, दोन्ही वायरी थंड, मग स्क्रू, मग नवा डबा. पहिला थर्मोस्टॅट पेटला आणि त्यावर ६८ आला.

"अडुसष्ट? भाजून मारता काय आम्हाले?"

मी बटण दाबून फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं. २०. बाबांनी बाणावर बोट ठेवलं. एकवीस. बावीस. तेविसाला आत टक्‌ झालं आणि हीटरचा पत्रा तडतडू लागला. बाबांनी टाळी वाजवली. पुन्हा खाली, टक्‌. पुन्हा वर, टक्‌. चौथी खोली होईपर्यंत मी पॅसेजमध्ये नाचत होते, आणि सुटका झालेला नवरा बाथरूमकडे पळत होता.

बातमी मीच फोनवर पसरवली. पुढच्या रविवारी इथल्याच एका मराठी काकूंनी आम्हाला बोलावलं. त्यांची डायल नेमकी देवघराच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वर. बाबा दारातच थबकले. "काका, आत या ना, तिथेच आहे," काकू म्हणाल्या. बाबा आत गेले, काम केलं, नंतर दोनदा श्रीखंड वाढून घेतलं.

परत येताना गाडीत त्यांनी टेस्टर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "नवा नोकरीले लागलो तेव्हा एका गावात एका घरी मीटर बसवलं होतं. दिवा लागला तशी घरची बाई खूश. मी कोण्या वस्तीतला ते तिले ठाऊक होतं. मी निघालो तशी तांब्या घेऊन आली, अन् मी जिथं जिथं हात लावला तिथं तिथं पाणी शिंपडू लागली. मीटरवर पाणी! मी रस्त्यावरून बोंबललो, अवो बाई, मरशीन!"

बाबा हसत होते. मला आधी नुसता संताप आला, मग तो तांब्या आणि ते मीटर डोळ्यांपुढे आलं आणि मीही फुटले. हसू आणि रडू इतकं एकत्र आलं की मला रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

बाबांनी डोळे पुसले. "आणखी किती घरं असतीन वं तुमच्या लोकांची, अशी डायलवाली?"

"वीस-पंचवीस तरी असतील. काकूंनी सगळ्यांना सांगितलंय."

बाबांनी बोटांवर रविवार मोजले. "मंग मार्चात कसं उरकते हे?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तरीही तीनदा हॉर्न वाजवला.