दोनदा बोंबील

सातपाटीचा एक तांडेल, मासेमारी बोटीचा म्होरक्या, रविवारी दुपारी आमच्यात ताडी प्यायला बसतो, तेव्हा खेळाचे नियम ग्रामसभा सुरू करत असल्यासारखा घसा खाकरून सांगतो. "एकेकानं एक मासली बोलाची. जो अडला, नायतर झालेलंच परत बोलला, त्यानं गिलास संपवाचा. मंग नवा डाव."

जन्म बोटीवर गेलेल्या या माणसाला हरताना कुणी पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी त्याच्यानंतरची पाळी उमरोळीच्या आमच्या मित्राची होती. काविळीनंतर डॉक्टरांनी त्याचं पिणं बंद केलं होतं, पण चारचौघांत सांगायला तो लाजत होता. हे फक्त मलाच माहीत आहे, असं मी समजत होतो. बागायतदार माणूस, एक बोंबील सांगून त्याचे मासे संपले. पुन्हा पाळी जवळ आली, तसा तो भरल्या ग्लासाकडे बघत बसला.

"बोंबील," तांडेल म्हणाला.

"ओ तांडेल, बोंबील झाला की मगाशीच!" सगळे ओरडले.

"वय झालं रे माजं." त्याने ग्लास रिकामा केला. पुढचे तीन डावही तो असाच हरला.

उठताना तांडेलाचा तोल गेला. मित्राने सावरलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "घरी सोड मला. सरळ चालनारा आज तूच एक हायस."

त्याला कुणी सांगितलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.