पाचपैकी पाच गुणांची शाल

माझ्या आईला मी एकदा भर सभेत निळं केलं. रागाच्या भरात नव्हे, पूर्ण शास्त्रोक्त पद्धतीने!

मी तंत्रनिकेतनात कापडाची रंगाई शिकवतो. रंग पक्का की कच्चा हे ठरवायला आमच्याकडे यंत्र आहे आणि एक ते पाच गुणांची मोजपट्टी आहे. घरीसुद्धा मी चहाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवतो. (बायको म्हणते, हे लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.)

आई साखरा गावच्या अंगणवाडीतून निवृत्त झाली, तेव्हा गावाने बुद्धपौर्णिमेला विहारासमोर तिचा सत्कार ठरवला. आईची एकच अट होती. खांद्यावर दादांची शाल हवी. दादा म्हणजे माझे वडील, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार. पहिल्या पगारात स्वतःला स्वेटर न घेता त्यांनी आईला पांढरी लोकरी शाल आणली होती. आता दादा नव्हते आणि शालीवर पिवळे डाग पडले होते.

"निळी करून घेते," आई म्हणाली. "जवळा बाजार गावात शमीमचाची रंगारीण हाय, तिच्याकडं टाकू."

"घरात तज्ज्ञ असताना?" मला ते फारच लागलं. तरी बाजाराच्या दिवशी तिच्यासोबत गेलो.

चाचीचं सगळं आयुष्य रंगाच्या पातेल्यासमोर गेलेलं. तिने नुकत्याच रंगवलेल्या लोकरीचा एक धागा तोडला, मिठाच्या पाण्यात बुडवला आणि माझ्या मुठीत कोंबला.

"बोलत बस बेटा. चाय होईस्तोवर मूठ उघडू नको."

चहा झाला. मूठ उघडली तर तळवा स्वच्छ!

"मानसाला घाम येतोच की," चाची म्हणाली. "घामात टिकंल तोच रंग."

"पण याला मोजमाप काय, चाची?"

"मोजमाप काहून पायजे? हात हाय ना!"

मी हसलो. ज्याच्याकडे यंत्र असतं तो माणूस हसतो तसं. "लोकरीला आंबट लागतंय बरं का," चाची मागून सांगत होती, "शिरका टाक, सावकाश तापव..." पण तोवर शाल उचलून मी रस्त्याला लागलो होतो.

आता कबुली देतो. आमच्या पुस्तकात लोकर सातव्या धड्यात आहे आणि आमची गाडी दरवर्षी पाचव्याच धड्यावर, कापसाशी, थांबते. प्रयोगशाळेतले रंगही सुती कापडाचेच. पण रंग तो रंग! मी शाल ग्रॅममध्ये तोलली, रंग मिलिग्रॅममध्ये तोलला, दर दोन मिनिटांनी तापमान वहीत लिहिलं. शिरका मात्र घरगुती उपाय म्हणून वगळला. वाळलेली शाल यंत्रावर पांढऱ्या फडक्याने घासली. फडकं कोरं करकरीत! पाचपैकी पाच गुण! (कापड ओलं करून आणि घामाचं पाणी लावूनही तपासायचं असतं. पण मला प्रमाणपत्र छापायची घाई होती.) ते मी स्वतःच्या सहीने शालीला टाचून दिलं.

वैशाखातली दुपार. सगळा मांडव पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढऱ्या सुती साडीवर लोकरी शाल पांघरून आई मंचावर. सरपंचांचं भाषण संपेना. बायकोने मला कोपर मारलं.

"अहो, आईंची मान बघा."

"सावली असेल."

"सावली पदरावर उतरून राहिली!"

तेवढ्यात सरपंचांनी आईला हार घातला, शाल नीट केली आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. कपाळ निळं! पाठोपाठ अंगणवाडीची लेकरं धावली आणि आईला बिलगली. पांढरे सदरे, पांढरे फ्रॉक, सगळ्यांवर निळे गाल आणि निळे पंजे! मांडव हसून लोटपोट झाला आणि मी एका खांबामागे मावायचा प्रयत्न करू लागलो. खरं तर मला हसू येतच नव्हतं. दादांची एकुलती एक आठवण माझ्या हातून वाहून चालली होती.

आईने आपले निळे हात पाहिले आणि माईक घेतला.

"हसा, हसा. ही माझ्या लेकाची कारागिरी हाय. मोठा मास्तर हाय त्यो. पन शाल माझ्या मालकाची हाय, ती काय मी खांद्यावरून काढनार न्हाई. ज्याला निळं व्हायचं आसंल त्यानं येऊन भेटा!"

आणि लोक रांग लावून भेटले हो! म्हातारे, बाया, स्वतः सरपंच पुन्हा एकदा. इतकी मोठी बाई आपली आई आहे, हे मला त्या दिवशी खांबाआडून कळलं. रांगेत शेवटी मीही जाऊन तिला बिलगलो. डोळे पुसले तर रुमालही निळा निघाला.

पुढच्या बाजाराला मी शाल घेऊन चाचीपुढे बसलो. ती रागावली नाही.

"तुझा रंग सुताचा, बेटा. लोकरीवर पाव्हना म्हणून बसला हुता. सुती साडी दिसली, गेला आपल्या घरी."

तिने शाल धुतली, डब्यातला लोकरीसाठीचा रंग घेतला, शिरका घातला आणि मंद आचेवर तासभर ढवळत बसली. ना घड्याळ, ना वही. मग शालीच्या दशीचा एक धागा मिठाच्या पाण्यातून माझ्या मुठीत आला. चहा झाला, मूठ उघडली, तळवा स्वच्छ. मी चाचीच्या पाया पडलो. आता माझ्या वर्गात पहिला प्रयोग मुठीचा असतो आणि पहिला धडा लोकरीचा.

शाल आजही तशीच गर्द निळी आहे. राहिली ती आईची पांढरी साडी. साबण, लिंबू, ऊन, सगळं करून झालं, पण खांद्यावरचा निळा डाग तसूभरही हलला नाही. आई दर बुद्धपौर्णिमेला हौसेने तीच नेसते आणि भेटेल त्याला खांदा दाखवते. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून लागलेला हा सगळ्यात पक्का रंग, फक्त कापड तेवढं चुकलं!