मोगली एरंडाचं पान

अंबरनाथच्या एका मुलांच्या दवाखान्यात मी फ्रेमची काच पुसत होते. तेवढ्यात एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन धावतच आत आल्या. मुलगी ओकून ओकून मलूल झाली होती.

मी पेपर कटिंग करते. एका अखंड कागदातून ब्लेडने पानं, फुलं, पाखरं कोरायची. रंग नाही, शेडिंग नाही. कापलेलं गळून जातं, उरतो तो आकार. सगळं एकमेकांना कुठेतरी चिकटलेलं राहावं म्हणून मध्ये बारीक पट्ट्या सोडते, त्यांना मी जोड म्हणते. जोड तुटला की कागद फुकट.

या दवाखान्याच्या वेटिंग रूमसाठी डॉक्टरबाईंनी माझ्याकडून काही फ्रेम्स करून घेतल्या होत्या. मी गुलाब सुचवले, तर म्हणाल्या, “गुलाब मुलं केकवर बघतात. त्यांच्या रस्त्याकडेला काय उगवतं, ते करा.” शिवाय फ्रेम्स मुलांच्या उंचीवर लावायला लावल्या. मी कुरकुरले. मुलांची तेलकट बोटं लागतात, काचा सारख्या पुसाव्या लागतात. त्या दिवशी त्यासाठीच आले होते.

“काय खाल्लं हिने?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल शहाडला बारशाला गेलेलो मॅडम. तिथलंच काहीतरी बाधलं असेल.”

“तुम्हाला कुणाला त्रास झाला?”

“नाही ना.”

डॉक्टर मुलीजवळ वाकल्या. “बाळा, आज खेळताना काही खाल्लंस?”

“बदाम,” ती पुटपुटली.

“घरात बदामच नाहीत हो!” आई रडकुंडीला आली.

“कुठले बदाम, राणी?”

मुलीने आईच्या खांद्यावरून मान वळवली आणि माझ्या हाताखालच्या फ्रेमकडे बोट केलं. “ते. त्या झाडाचे.”

माझे हात थांबले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “कसलं झाड हे?”

“मोगली एरंड. कुंपणाला लावतात. आमच्या बेलवलीतूनच फांदी आणून कापलं होतं.”

फळांचा घोस मी पानांच्या आड कोरला होता. तो नीट यावा म्हणून तीन कागद वाया घालवले होते.

डॉक्टरांना पुढचं सांगावं लागलं नाही. याच्या बिया चवीला बदामासारख्या लागतात, म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या सुरू होतात. नर्सला सलाईन आणायला सांगून त्यांनी मुलीला विचारलं, “अजून कुणी खाल्ले?”

“यशने. मनूने पण.”

आईने तिथूनच शेजारी फोन लावला. यशला उलट्या होत होत्या. मनूचं पोट दुखत होतं, ऊन लागलं असेल म्हणून तिला कांद्याचा रस देऊन झोपवलं होतं. “उठवा तिला! रिक्षा करा, दोघांना घेऊन या, आत्ताच्या आत्ता!” त्या ओरडल्या.

रिक्षा येईपर्यंत मी दारातच उभी होते. मनूला उतरवून घेतलं, तेव्हा ती अंगाने गार पडली होती. मी तिला तशीच नर्सच्या हातात दिली.

तिघांना ॲडमिट केलं. सलाईन आणि बारीक लक्ष, एवढाच इलाज, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मनू तशीच झोपून राहिली असती तर अंगातलं पाणी आटून जीवावर बेतलं असतं. तिघंही बरी होऊन घरी गेली. आभार कुणी कुणाचे मानायचे, यावरून डॉक्टरबाईंची आणि माझी थोडी ओढाताण झाली. त्या म्हणाल्या, पान हुबेहूब होतं. मी म्हटलं, माझ्या मनासारखं झालं असतं तर तिथे गुलाब असता, तोही मोठ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या डॉक्टरबाईंची मी आजही ऋणी आहे.

आता मी प्रत्येक फ्रेमच्या खाली झाडाचं नाव लिहिते. विषारी असेल तर तेही, ठळक अक्षरात. उल्हासनगरच्या एका प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, असं लिहिल्याने चित्राची मजा जाते.”

“जाते थोडी,” मी म्हटलं. “जाऊ दे.”