भाकरी उलटेपर्यंत चाकण

त्या दिवशी दिघीतली आमची सगळी आळी आभाळाकडं बघत बसली होती. आत माजघरात आत्याबाईंना निजवलेलं आणि बाहेर अंगणात बायाबापड्या, पुरुष, पोरंटोरं, सगळ्यांच्या माना वर! आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. सकाळी गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकता टाकता त्या मटकन खाली बसल्या, "सूनबाई, पाणी..." एवढंच म्हणाल्या, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझे यजमान हवाई दलात वैमानिक. एरवी लोहगावच्या तळावर, म्हणजे घराला लागूनच. पण नेमके तेव्हा नव्या विमानाचं शिक्षण घ्यायला उत्तरेत गेलेले. माझ्या भावानं सायकल हाणत खडकी गाठली आणि तार केली. तार गेली म्हटल्याबरोबर सगळे धरूनच चालले, की शिवराम आता येतोय. आमचे चुलत सासरे तात्या म्हणाले, "तासाला सहाशे मैल पळतंय त्याचं इमान. त्योच सांगत हुता न्हवं? मंग किती येळ लागंल? थांबूया की." मी जीव तोडून सांगत होते, तात्या, ती काय घरची बैलगाडी आहे, जुंपली आणि निघाले? रजा काढून आगगाडीनंच यायचं त्यांनी, दोन दिवस सहज मोडतील. पण कोण ऐकतंय! तात्या उलट मलाच म्हणाले, "पोरी, तू भेदरलीयास. जरा टेक."

दुपार कलली तसं लोहगावच्या बाजूनं एक विमान आलं. अख्खं अंगण ताडकन उभं राहिलं. "आला, आला!" म्हणून पोरं ओरडली, आणि खोटं कशाला बोलू, सगळं ठाऊक असून मीही पदर सावरत पायरीपर्यंत धावले. हे घरावरून जाताना विमानाचे पंख डोलवायचे, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. ते विमान सरळ गेलं. पंख हलले नाहीत. चैत्राचं ऊन, किती वेळ ठेवणार? अखेर तात्याच खाली मान घालून म्हणाले, "उचला आता." आत्याबाईंच्या पुतण्यानं मडकं धरलं. आवाजालाही मागं टाकणारा मुलगा आईला खांदा द्यायला आला नाही... आज महिना होत आला, पण हे मनातून जात नाही. मी एका जागी बसू शकत नाही. पोळपाट मांडते आणि उठते, वह्या तपासायला घेते आणि उठते. म्हणून आज लिहायला बसले आहे. हातांना काही तरी काम हवं.

आत्याबाईंचं आणि माझं पहिल्यांदा अजिबात पटलं नव्हतं. मी चिंचवडची, मॅट्रिक झालेली, शाळेत शिकवणारी. जीभ जरा जास्तच चालणारी. त्या दिघीच्या, अंगठा उठवणाऱ्या, पण बोलण्यात माझ्याहून वरचढ. लढाईच्या दिवसांत त्यांची बरीचशी जिरायत लष्कराकडं गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी एकुलत्या एका मुलाला पुण्याला ठेवून शिकवलं. आल्यागेल्याला सांगायच्या, "जमीन गेली लष्करात आन पोरगं गेलं आभाळात. माझ्यापाशी काय ऱ्हायलं? ही म्हस आन ही सून. त्यातली म्हस गुणी हाय." असं चारचौघांत! मी धुसफुसत आत जायची, तर रात्री जेवताना माझ्याच ताटात लोण्याचा गोळा जास्त असायचा. मला तळावरचं घर मिळत होतं, नळाचं पाणी, विजेचा दिवा. पण त्या दिघी सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं टाकून जायला माझा पाय निघेना. शेवटी हेच फटफटीवरून जाऊन येऊन करू लागले.

जेटचं विमान हाती आलं तेव्हाची गोष्ट. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "किती पळतं रं तुझं इमान?" सहाशे मैल म्हणजे काय, ते त्यांना कसं कळावं? त्यांनी आयुष्यात मोठा प्रवास केला तो कांद्याची गाडी घेऊन चाकणच्या बाजारापर्यंतचा. पहाटे जुंपायची तर बाजार भरून अर्धा उठेपर्यंत चाकण. यांनी जरा विचार केला आणि तव्याकडं बोट दाखवलं. "आये, ही भाकरी टाकलीस ना, ती उलटायच्या आत मी चाकणला. फुगायच्या आत खेडला." आत्याबाईंनी तव्यावरच्या भाकरीकडं असं पाहिलं, जणू तीच उडून जाणार आहे. मग म्हणाल्या, "आन मग तितं जाऊन काय करतूस?" "काही नाही. वळतो आणि परत येतो." "आगं बया! मग जातूस कशाला?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तेच माप झालं. भाकरी तव्यावर टाकली की त्या पुटपुटायच्या, "निघाला." उलटली की, "चाकण."

एकदा मी यांना विचारलं होतं, एवढ्या वेगात कसं वाटतं हो? मला वाटलं, पोटात गोळा येतो, कानात वारं भरतं, असं काहीतरी सांगतील. म्हणाले, "काहीच वाटत नाही. एका जागी उभं असल्यासारखं वाटतं. एखादा ढग जवळून गेला की मग कळतं, अरे, आपण पळतोय." वर उभं असल्यासारखं वाटतं आणि खाली आलं की उभं राहवत नाही, अशी या माणसाची गत! जेवताना मांडी हलतेय, बोलताना बोटं वाजतायत, एक घास तोंडात आणि दुसरा हातात. बैलगाडीत बसवलं तर अर्ध्या वाटेत उतरून पुढं चालायला लागायचे. आत्याबाई म्हणायच्या, "बुडाला काय इंगळ्या लागल्यात व्हय रं?"

आणि याच्यापायीच तो तुकड्याचा घोळ झाला. बाहेरून माणूस घरी आला की उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून तीनदा ओवाळून टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं आणि मग आत घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच. बाजारातून आलेल्या माणसासाठी करायचं, तर आभाळातून आलेल्या लेकासाठी नको? आत्याबाई तुकडा घेऊन दारात उभ्या, आणि हे फटफटी लावून "चहा टाक गं" म्हणत त्यांच्या काखेखालून आत! पहिला फेरा पाठीवरून व्हायचा आणि उरलेले दोन रिकाम्या अंगणावरून. त्या रागवायच्या, मीही बोलायची, हे हसायचे. "आये, विमानाला दृष्ट लागत नाही. दृष्ट लावणाऱ्याला आधी ते दिसलं पाहिजे ना!"

मग आत्याबाईंनी स्वतःची तोड काढली. लेक उभा राहत नाही ना, मग विमानावरूनच ओवाळायचं. तळावरून निघताना-परतताना हे कधी कधी घरावरून यायचे. पहिल्या पहिल्यांदा त्या आवाज ऐकून धावत बाहेर यायच्या आणि आवाज होता तिथं आभाळ रिकामं. दोन-चारदा फसल्यावर त्यांच्या त्यांनाच उमगलं, की आवाजाकडं बघायचं नाही, त्याच्या पुष्कळ पुढं बघायचं. मला त्या शिकवायच्या, "आवाज मागं ऱ्हातोय. त्यो पुढं गेलेला आसतोय." विमान दिसायला लागलं, पण हात काही पुरा होईना. एक फेरा होतो न होतो तोच विमान लोहगावच्या झाडांआड. त्यांच्या जिवाला हे फार लागलं. अर्धवट ओवाळलेलं न ओवाळल्याहून वाईट, असं त्यांच्या मनानं घेतलं. जेवण कमी झालं. शेवटी एक दिवस लेकाचा हात धरून म्हणाल्या, "बाळा, एकडाव हळू ये की रं. तीन फेरं हुईस्तवर. एवढंच मागते."

हे "बघू" म्हणाले. मग माझ्याशी परसात बोलले. "तिला सांगू नकोस, पण हळू जाण्यातच खरा धोका असतो. वेगानंच ते वर धरलेलं असतं. वेग उतरला की दगड." मी म्हटलं, मग नाही म्हणून सांगा. तर उठून फटफटी पुसायला लागले. आईला नाही म्हणायची याची छाती नाही, आणि म्हणे आम्ही सहाशे मैलांनी उडतो!

पुढच्याच आठवड्यात आले. खाली, चाकं सोडलेली, आणि इतकं हळू, की विमानाच्या पोटावरचे खिळे दिसतील असं मला वाटलं. आवाजही निराळा, दम लागलेल्या माणसासारखा. आत्याबाईंनी अंगणाच्या मधोमध उभं राहून तीन फेरे घेतले, सावकाश, तब्येतीत, आणि तुकडा लांब फेकला. त्यांचं तोंड असं फुललं होतं! झाडांच्या वर विमानाचा एक पंख झुकला, सावरला, मग एकदम मोठा आवाज करून ते पुढं गेलं. मी तिथंच ओरडले, "आत्याबाई, हळू केलं की ते पडतं! तुमच्या तीन फेऱ्यांपायी पोराचा जीव घ्याल तुम्ही!" आजही सांगते, बोलले ते योग्यच बोलले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्या मटकन ओट्यावर बसल्या. कितीतरी वेळ हातावरचं पीठ खरवडत राहिल्या.

संध्याकाळी हे घरी आले, तर त्या दारातच होत्या. मला वाटलं, रडतील, माफी मागतील. तर बाईनं लेकाच्या एक थोबाडीत ठेवून दिली! "मला म्हायती न्हवतं, तुला म्हायती हुतं ना? आयला न्हाई म्हनायला जीभ झडती व्हय? परत हळू आलास तर घरात घेणार न्हाई. जा, काय पळायचं ते पळ. माझा हात मी बघून घेईन." आणि खरंच, त्यांनी स्वतःचाच वेग वाढवला. तळावर विमान गुरगुरू लागलं की या तुकडा घेऊन अंगणात, ते दिसायच्या आधीच दोन फेरे उरकलेले, आणि तिसरा बरोबर त्याच्या पोटाखाली. साठीची बाई! मी हसायची, तर म्हणायच्या, "हसतीस काय? त्येला हळू हुता येत न्हाई, तर म्या नगं का पळायला?"

मग ती नवी विमानं आली, सूर मारताना आवाजाच्याही पुढं जाणारी. ज्या दिवशी हे पहिल्यांदा तसे गेले, त्या दिवशी आभाळात असा काही धमाका झाला, की फळीवरची पितळी खाली आली, म्हशीनं दावं तोडलं, आणि आळीतल्या बाया तोंडात पदर कोंबून आमच्या दाराशी जमल्या. सगळ्यांच्या मनात एकच, विमान पडलं. मी खांब धरून उभी. आत्याबाई पितळी उचलत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "येडी का काय तू? आवाज आला न्हवं? म्हंजी त्यो पुढं गेला." संध्याकाळी हे हसत घरी आले आणि सांगू लागले, वेगाचा काटा जरा अडखळला, विमान थरथरलं, आणि मग एकदम शांत. "धमाका? आम्हाला नाही हो ऐकू येत. तो खालच्यांनाच." आत्याबाईंनी चहाचा कप पुढं सरकवला. "व्हय. खालच्यांनाच."

तर असा हा माणूस, आई गेल्यावर आगगाडीनं आला. रात्रभर आणि दिवसभर डब्याच्या दारात उभा राहून. आल्यावर एवढंच म्हणाले, "प्रत्येक स्टेशनावर थांबत होती गं गाडी... प्रत्येक." सुतकात ओवाळणं नसतं, तेव्हा तसेच उंबरा ओलांडून आत आले. ते तेरा दिवस त्यांनी अंगणात येरझारा घालून काढले. तात्या एकदा चाचरत म्हणाले, "आम्ही वाट बघितली रं लई. वर बघत हुतो." यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

तेराव्यानंतर हे लोहगावला पुन्हा कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी उड्डाण होतं. मी शाळेतून लवकर आले, चूल पेटवली. विमान गुरगुरलं तशी सवयीनं माझी नजर दाराकडं गेली. दारात कुणी नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, "चाकण" म्हणायला ओठ हलले, आणि मला रडू फुटलं. नीट डोळे पुसेपर्यंत विमान घरावरून गेलं होतं. ओवाळायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी फटफटीचा आवाज आला. मी चहाचं आधण ठेवलं. आधण उकळलं तरी माणूस आत येईना. बाहेर येऊन बघते, तर हे उंबऱ्याबाहेर उभे. बूट पायात, हात खाली सोडलेले. मी म्हटलं, "अहो, असे काय उभे? या ना आत." हलले नाहीत. "बरं वाटत नाही का?" तरी नाही. खाली बघत उभे, नुकत्याच शाळेत घातलेल्या पोरासारखे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आत गेले, टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं. पहिला फेरा घेतला, दुसरा घेतला. माझा हात घाई करत होता. इतकी वर्षं पाहिलेला आत्याबाईंचा हात घाईचाच. तर हे हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश. मी थांबलोय."