अप्पांची वृत्तं आणि आईची कढी

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मोतीमहालातल्या कचेरीत कारकून होते. आधी संस्थान गेलं, मग मध्य भारत आला, मग तोही मध्य प्रदेशात विरघळला. दर वेळी कचेरीची पाटी बदलली, साहेब बदलले, शिक्के बदलले. अप्पांचा डबा तेवढा तोच राहिला. त्यांना मात्र राज्यापेक्षा कवितेच्या वृत्ताची काळजी जास्त. आमच्या लष्कर भागातली मराठी पोरं हिंदी बोलायला लागली, याचं दुःख त्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं. खरं तर घरात मीच "अप्पा, मी येऊन राहिले ना!" असं हिंदी वळणाचं ओरडायची, तेव्हा हे दुःख शेजारून आलेलं नव्हतं.

त्यावर त्यांनी औषध काढलं. मुलांसाठी गमतीच्या कवितांचं पुस्तक, आणि प्रत्येक कविता निराळ्या जातीची. ओवी, अभंग, आर्या, दिंडी, साकी, काही म्हणून सोडलं नाही. शार्दूलविक्रीडितासारखं भारदस्त वृत्त त्यांनी गल्लीतल्या म्हशीला दिलं, कारण तिच्या चालण्यात तेवढं वजन आहे म्हणे. आईनं कोठीतला उंदीर मारला त्याचा पोवाडा केला. आई चिडली. म्हणाली, जन्मभर यांच्या घरात राबले त्याची एक ओळ नाही, आणि उंदीर मारला तर शाहीर जागा झाला.

कविता झाली की अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून आईला म्हणून दाखवत. आई पोळ्या लाटत असे. छान म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "सरा, उजेड अडतोय," एवढंच म्हणायची. अप्पा सरायचे, पण म्हणायचं थांबायचे नाहीत.

पुस्तक पुरं झालं आणि त्याच सुमारास बदलीचा हुकूम आला. राजधानी भोपाळला, तेव्हा कचेरीही तिकडेच. आमच्या ओळखीची अर्धी घरं बाडबिस्तरा बांधत होती. अप्पांना एकच ध्यास लागला, निघण्याआधी माधवगंजातल्या आमच्या मराठी शाळेनं हे पुस्तक छापावं आणि वर्गात लावावं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक जुने दरबारी गृहस्थ. ते हसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. हस्तलिखित त्यांच्याकडे जाऊन पडलं होतं आणि ते हो म्हणेनात की नाही म्हणेनात.

त्यातच त्यांच्या नातवाची मुंज निघाली. आमच्याकडे तेव्हा पंगतीत मुलांनी एकेक करून श्लोक म्हणायची रीत होती. श्लोक म्हटल्याशिवाय पोराच्या पानात लाडू पडत नसे. अप्पांनी मला आदल्या दिवशी बजावून ठेवलं की देवाचा श्लोक म्हण, माझं काही म्हणू नकोस, तिथे अध्यक्ष बसलेले असतील. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

पंगत बसली. वाढायला आई होती, कढीचं भांडं तिच्याकडे. पहिला मान मुंज झालेल्या बटूचा. त्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि खड्या आवाजात हिंदी चौपाई म्हटली! शेजारच्या पंडितजींकडे रोज ऐकायचा, त्याला बिचाऱ्याला तोच श्लोक वाटत होता. सगळी पंगत पानात बघायला लागली. अध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरा म्हण म्हणून खुणावलं, तर त्यानं दुसरी चौपाई काढली. पुढच्या मुलानं दोहा म्हटला. त्याच्या पुढे मी.

आता देवाचा श्लोक मला येत होता, खोटं कशाला बोलू. पण तोही भुजंगप्रयातातला, आणि त्या चालीवर जिभेवर आपसूक यायचा तो अप्पांचाच. मी म्हटलं,

कढी लागली ही नव्या धोतराला,
कुणाला दिसेना, मला घाम आला.

पुढच्या दोन ओळींत सगळा दोष कढीवर ढकललेला होता, त्या म्हणेपर्यंत मुलांची रांग हसून लोळायला लागली. मोठ्यांपैकी काहीजण धोतर तपासत होते. अप्पा मात्र पांढरेफटक पडले. आणि तेवढ्यात बटूनं माझी पहिली ओळ घोकायला सुरुवात केली. चूक न करता, ठेक्यात. मग दुसरी. शेजारच्या पोरांनी ताल धरला.

अध्यक्ष जेवायचे थांबले. नातवाच्या तोंडचं मराठी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अप्पांना म्हणाले की हरकत नाही, पुस्तक आपण छापू. अप्पांनी आनंदाच्या भरात आणखी भात मागून घेतला. पण म्हातारा तेवढ्यावर सोडणारा नव्हता.

"छापू हो. पण शिकवणार कोण? मराठीच्या बाई नवऱ्याबरोबर भोपाळला गेल्या. तुम्हीही चाललात. मराठी वाचवायला निघालेले सगळे गाडीत बसून निघालेत, मग मी हे पुस्तक कपाटाला शिकवू काय?"

 सरकारी हुकूम अप्पांना मोडता येणार नव्हता, आणि बिऱ्हाड हलवायचं नाही असं त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं. ते पानातला भात नुसताच कालवायला लागले. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की त्याच्या धोतरावर खरीच कढी ओतावीशी वाटली.

कढी होती आईच्या हातात. ती पंगतीच्या मधोमध पळी धरून उभी राहिली.

"मी शिकवीन," ती म्हणाली. "मॅट्रिक आहे. लग्नाआधी वर्षभर शाळेत शिकवलंय. आणि हे पुस्तक मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. रोज उंबरा अडवून ऐकवतात, कान कुठे ठेवू?"

पुरुषांच्या पंगतीत बाई बोलली, याचा कुणाला धक्का बसला ते सांगत नाही. मला दुसराच बसला. आई इथे शिकवणार म्हणजे आम्ही इथे राहणार, आणि अप्पा भोपाळला एकटे जाणार, हे माझ्या लक्षात आलं. अप्पांच्याही आलं असावं. ते "अगं, पण," एवढं म्हणाले. आईनं त्यांच्या पानात कढी वाढली आणि पुढे गेली.

अप्पा गेले. पुस्तक छापून आलं, कागद भिकार, पण आलं. आषाढात शाळा उघडली तेव्हा आई पहिल्यांदा वर्गावर उभी राहिली, नऊवारी कडक, हातात खडू. बाकावर मी होते, आणि अध्यक्षांचा नातूही. पहिला धडा ओवीचा होता. आईनं फळ्यावर न बघता म्हणायला सुरुवात केली,

टोपी शोधी खाटेखाली,
छत्री शोधी पाटाखाली,

आणि तिथेच अडली.  ती का अडली ते मला ठाऊक होतं. ही ओवी म्हणजे रोज सकाळी कचेरीला निघतानाचे अप्पा, हे मला आणि तिलाच माहीत. पण वर्गाला वाटलं, नव्या बाई विसरल्या. तेव्हा सगळ्या पोरांनी मिळून, मदत म्हणून, पुस्तकात बघून मोठ्यानं पुढच्या ओळी सांगितल्या,

चष्म्यापायी घाई झाली,
नाकावरी तो.

आई फळ्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "छान."